नव्या घरात बंब कुठे ठेवायचा?

वर्ध्याचे नाव घेतले की लोकांना ऊन आठवते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा टाकीचे पाणीच हाताला चटका देते. त्यामुळे नव्या घरात पाणी तापवायची सोय कशी करावी, यावर आमच्या घरी पंधरा दिवस खल चालला होता, हे ऐकून मुंबईचे पाहुणे हसले. पण ज्यांनी विदर्भातला डिसेंबर काढला आहे ते हसणार नाहीत. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. त्या दिवसांत इकडे देवळीतही फजरच्या वुजूसाठी टाकीच्या पाण्यात हात घातला की बोटे बधिर होत.

घराचा पाया भरून झाला, भिंती उठू लागल्या, आणि मिस्त्रीने विचारले, "न्हाणीघरात गरम पाण्याचं काय करायचं ते आत्ताच सांगा. नंतर भिंत फोडायला लावू नका." तिथून वाद सुरू झाला. मुलाला गीझर हवा होता. धाकटा भाऊ सोलरच्या बाजूचा. अम्मींचे म्हणणे सरळ होते, "घरात तांब्याचा बंब आहे ना! तो न्हाणीघरात मांडा, झालं."

हा बंब आमच्या दादाजींनी अम्मींच्या निकाहानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात वर्ध्याच्या बाजारातून आणला होता. आम्हा भावंडांच्या आंघोळी त्याच्याच पाण्याने झाल्या. अब्बांचा इंतेकाल जानेवारीतल्या एका रात्री झाला, तेव्हा त्यांच्या गुस्लचे पाणीही त्यातच तापले. बंब मोडीत घालू या, हे शब्द तोंडातून काढायची कोणाचीच हिंमत नव्हती.

दुसरीकडे अम्मींचा खोकला होता. दोन वर्षांपूर्वी धाप वाढली म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, "बिडी, सिगारेट, तंबाखूची मशेरी, काही सवय?" अम्मी म्हणाल्या, "तौबा, तौबा!" डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, "स्वयंपाक चुलीवर किती वर्षे केलात?" अम्मींनी बोटांवर मोजले. गॅस येईपर्यंत सत्तावीस वर्षे. श्वासनलिकांचा हा जुना आजार बिडी न ओढणाऱ्या बायकांनाही होतो आणि त्याचे एक मोठे कारण चुलीचा धूर आहे, हे त्या दिवशी आम्हाला कळले. तेव्हापासून अम्मींच्या उशाशी इन्हेलर आहे.

म्हणजे ज्या वस्तूत अम्मींचा जीव अडकला होता, तिचाच धूर त्यांच्या जिवावर उठणारा होता. आमच्यापुढचा खरा पेच हा होता.

आधी पाण्याचे माप

साधन निवडण्याआधी आम्ही वही घेऊन बसलो. गरम पाणी लागते तरी किती? हे न मोजताच लोक मोठमोठे गीझर आणि मोठमोठे बंब घेतात.

प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत आणि एका साअपासून पाच मुद्दपर्यंत पाण्यात गुस्ल करत, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीसग्रंथांत आले आहे. आजच्या मापाने मुद्द म्हणजे सुमारे पाऊण लिटर आणि चार मुद्दांचा साअ म्हणजे तीन लिटरच्या आसपास. आपण नळ सुरू ठेवून वुजू करतो तेव्हा किती पाणी वाहून जाते, ते एकदा नळाखाली बादली ठेवून पाहावे. आम्ही पाहिले आणि आमचे आम्हालाच लाजिरवाणे वाटले. बदन्यात पाणी घेऊन वुजू केले तर एक लिटर पुरते. गरम पाण्याचा इसराफ दुहेरी असतो. पाणीही जाते आणि ते तापवायला जाळलेले इंधनही जाते.

आमच्या घरी माणसे सहा. हिवाळ्यात प्रत्येकी 15 लिटरची एक बादली धरली तर 90 लिटर कोमट पाणी लागते. 18 अंशांचे पाणी 40 अंशांपर्यंत न्यायला किती उष्णता लागते, याचा हिशेब मुलीने तिच्या विज्ञानाच्या पुस्तकावरून केला. उत्तर आले विजेच्या भाषेत सुमारे 2.3 युनिट. साधन कोणतेही असो, पाण्याला एवढी उष्णता मिळालीच पाहिजे. साधनासाधनांत फरक पडतो तो वाया जाणाऱ्या उष्णतेत आणि धुरात.

चार पर्याय

विजेचा गीझर सर्वांत सुटसुटीत. दोन किलोवॅटचा गीझर 15 लिटर पाणी साधारण तेरा-चौदा मिनिटांत 25 अंशांनी तापवतो. धूर नाही, राख नाही. पण पहाटे वीज गेली की सगळे अडते, आणि बोअरच्या जड पाण्याने आतल्या कॉइलवर पांढरा थर चढतो. गीझरचे अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय त्याखाली उभे राहू नये. बादलीत टाकायच्या रॉडबद्दल तर आम्ही एवढेच सांगू की तो मुलांच्या घरात नको. बटण बंद करून प्लग काढण्याआधी पाण्यात हात घालणे जिवावर बेतते.

गॅसचा गीझर पाणी चटकन तापवतो, पण तो बंद न्हाणीघरात कधीच बसवू नये. त्याची ज्योत खोलीतला प्राणवायू खाते आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला चक्कर येते आणि दाराची कडी काढण्याइतकेही बळ राहत नाही. हा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणायचा.

सोलरला आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही. मात्र डिसेंबरअखेरीस वर्ध्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि फजरची वेळ त्याच्या तासाभर आधीच सुरू झालेली असते. म्हणजे फजरला मिळणारे पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाचे. टाकीचे उष्णतारोधक आवरण चांगले असेल तर ते सकाळपर्यंत गरम राहते. ढगाळ दिवसासाठी दुसरी सोय लागतेच. सुरुवातीचा खर्चही मोठा.

चौथा पर्याय लाकडाचा. त्यातही दोन प्रकार आहेत. तीन दगडांवर पातेले ठेवणे हा एक आणि बंब हा दुसरा. दोहोंत मोठा फरक आहे.

बंब करतो काय?

बंबाची रचना साधी पण हुशारीची आहे. तांब्याच्या पिंपाच्या मधोमध एक नळी असते. खाली लोखंडी जाळीवर लाकडे पेटतात, ज्वाळा आणि गरम हवा त्या नळीतून वर जाते आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी असते. चुलीवरच्या पातेल्याला फक्त बुडाकडून आच लागते, बाकीची आच बाजूंनी निसटते. बंबात विस्तव पाण्याच्या पोटात असतो. शिवाय वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर येते. पाणी घालाल तेव्हाच पाणी मिळेल, म्हणून चालू बंब सहसा कोरडा पडत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातोडीने ठोकून असे बंब घडवत आले.

आम्ही आठ दिवस लाकडे वजनकाट्यावर तोलून जाळली. तेवढेच पाणी उघड्या चुलीवर तापवायला दिवसाला पाच किलोच्या आसपास लाकूड लागले, बंबाला दोन किलोहून थोडे जास्त. तीन महिन्यांच्या हिवाळ्यात हा फरक अडीच क्विंटलांचा होतो.

लाकूड मात्र वाळलेले हवे. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. आपण जाळतो लाकूड आणि उष्णता जाते त्यातले पाणी उडवण्यात. धूरही दाटतो. बाभळीच्या फाका पावसाळ्याआधी फोडून, छपराखाली, खालून हवा लागेल अशा रचून ठेवाव्यात. आपला जिल्हा कापसाचा, म्हणून पऱ्हाटी आणि तुराटी ही आपली फुकटची जळतणे. बंब पेटवायला पऱ्हाटीसारखे दुसरे काही नाही. पण पऱ्हाटीचे ढीग पुढच्या हंगामापर्यंत घराजवळ साठवू नका. गुलाबी बोंडअळी त्यांतल्या वाळक्या बोंडांत दडून राहते आणि पाऊस पडला की पुन्हा शेतात उतरते. कृषी खाते हे दरवर्षी सांगते. पऱ्हाटी लागेल तेवढी हिवाळ्यातच जाळून संपवावी. प्लायवुड, रंग दिलेल्या फळ्या, प्लास्टिक आणि टायरचे तुकडे बंबात कधीच घालू नयेत. त्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षाही घातक असतो.

आपल्याच जिल्ह्यातला जुना धडा

धुराचा प्रश्न नवा नाही, आणि त्यावर विचार करणारी माणसे आपल्याच वर्ध्यात होऊन गेली. 1934 साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले आणि जे. सी. कुमारप्पा ते पाहत. त्याच आवारात 30 डिसेंबर 1938 रोजी मगन संग्रहालय सुरू झाले. खेड्यातल्या बाईचे डोळे धुराने जातात, तिचे सरपण अर्धे वाया जाते, हा त्यांना उद्योगाइतकाच महत्त्वाचा विषय वाटला. तिथे तयार झालेली मगन चूल ही धूर नळकांड्यातून घराबाहेर काढणारी मातीची चूल होती. पुढे सत्तरच्या दशकात देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यातच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभारले आणि खेड्यांतल्या घरांसाठी सोपी साधने तयार करण्याचे काम पुढे नेले.

1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो 2002 पर्यंत चालला आणि देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ चुली काही वर्षांत बंद पडल्या. नळकांडे काजळीने तुंबले की ते साफ कोणी करायचे, चुलीला तडा गेला की दुरुस्त कोणी करायची, हे ठरलेले नव्हते. त्यातून आम्ही घेतलेला धडा असा की साधन आणून बसवणे हे निम्मे काम आहे. ते कोण सांभाळणार, हे आधी ठरवावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुराने जगभर 32 लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुले होती. मे 2016 मध्ये उज्ज्वला योजना आल्यावर अनेक घरांत गॅस पोहोचला. तरीही आपल्या मोहल्ल्यांत डोकावून पाहा. स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचे पाणी अजून मागच्या दारी चुलीवरच तापते. ओट्यावरून हटलेला धूर न्हाणीघरात राहिला आहे.

बंद खोली आणि विस्तव

नात्यातल्या एका घरी घडलेली गोष्ट सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते. बाळंतिणीच्या खोलीत, गार वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद करून, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली होती. धूर दिसत नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त होते. पहाटे नणंद चहा घेऊन गेली तर बाळंतीण हाक मारूनही डोळे उघडेना आणि बाळ मलूल पडलेले. तिने दार-खिडक्या सताड उघडल्या, दोघांना बाहेर काढले आणि दवाखान्यात नेले. अल्लाहच्या कृपेने दोघेही वाचले. निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड धुमसत्या निखाऱ्यांतूनच जास्त निघतो.

मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. ही खबर ऐकून प्रेषित (स.) यांनी आग ही माणसाची शत्रू असल्याचे बजावले आणि झोपण्यापूर्वी ती विझवायला सांगितले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपल्या घरी ती पाठ असते. बाळंतिणीच्या खोलीत मात्र आपल्याला तिचा विसर पडतो. शेक द्यायचा असेल तर दार उघडे ठेवून, कोणी जागे असताना द्यावा आणि मग शेगडी बाहेर काढावी. बंब न्हाणीघरात ठेवून दार लावून आंघोळ करणे हाही तोच धोका आहे.

आम्ही काय केले

शेवटी वाद मिटला तो एका प्रश्नावर. आम्ही अम्मींना विचारले, "अम्मी, तुम्हाला बंब हवा आहे की बंबाचा धूर?" त्या हसल्या. म्हणाल्या, "धूर कोणाला हवाय? मला त्याचं पाणी हवंय."

बंब न्हाणीघरात ठेवला नाही. परसात, मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर विटांचा ओटा बांधला. वर चार खांबांवर पत्रा टाकला, तिन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या. धुराचे नळकांडे पत्र्यातून वर काढून न्हाणीघराच्या छपराहून तीन फूट उंच नेले, वर पावसाची टोपी बसवली. त्या बाजूला झोपायच्या खोलीची खिडकी ठेवली नाही. टाकीचा नळ बंबाच्या नरसाळ्यावर आणला. नळ सोडला की वरच्या तोटीतून गरम पाणी उतरत्या लोखंडी पाइपातून थेट न्हाणीघरातल्या बादलीत पडते. त्यामुळे उकळत्या पाण्याची बादली उचलून मुलांमधून चालावे लागत नाही. गरम पाण्याच्या पाइपावर मात्र तोटी मुळीच बसवली नाही. तो रस्ता बंद झाला तर आतली वाफ कोंडून बंब फुटू शकतो. मिस्त्री तोटी बसवायला निघालाच होता, वेळीच लक्षात आले.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागला. थंडीच्या पहाटे वारा पडलेला असतो, धूर वर न जाता गल्लीतच साचून राहतो. पलीकडच्या घरात दम्याचे एक आजोबा आहेत. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, ही आपल्या दीनची शिकवण. आमच्या उबेचा त्रास त्यांच्या छातीला व्हायला नको. म्हणून वाळलेलेच लाकूड, सुरुवातीला बारीक पऱ्हाटीची मोठी ज्वाळा आणि मगच फाका, असा नेम ठेवला. ज्वाळा चांगली असेल तर धूर फार कमी निघतो.

अम्मींच्या वुजूसाठी आणि आजारपणासाठी एक छोटा विजेचा गीझर लावला. सोलरचे पैसे आज नाहीत, पण स्लॅब टाकतानाच त्याचे पाइप घालून ठेवले. इन्शाअल्लाह, पुढे तेही होईल. मग बंब फक्त ढगाळ दिवसांपुरता उरेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटवण्याची पाळी ठरवली. आजवर आपल्या घरांत सर्वांच्या आधी उठून, ओल्या डोळ्यांनी फुंकर मारत बसणारी बाईच असे. पुरुष उठतो तेव्हा पाणी तयार असते आणि ते कोणी तापवले, हे तो विचारतही नाही. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. आमच्या घरी आता घरातले पुरुष आणि अकरावीतला मुलगा पाळीने बंब पेटवतात. नळकांड्यातली काजळी दर पंधरा दिवसांनी, रविवारी, निघते. तेही त्यांचेच काम. राख भांडी घासायला आणि परसातल्या झाडांना जाते. तांबे चिंचेने घासले की पुन्हा लखलखते, ते काम अम्मींनी स्वतःकडे ठेवले आहे. त्यात धूर नाही, म्हणून आम्हीही हरकत घेतली नाही.

नवे घर बांधणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. विटा, टाइल्स, दरवाजे यांवर महिनोन्‌महिने बोलणे होते, तसे पाणी कशावर तापणार यावरही आठवडाभर बोला. किती पाणी लागते ते मोजा. विस्तव कोणताही असो, तो झोपण्याच्या आणि आंघोळीच्या खोलीबाहेर ठेवा. धूर कुठे जाईल आणि कोणाच्या छातीत जाईल ते पाहा. आणि पहाटे कोण उठणार, हे स्लॅब टाकण्याआधी ठरवा.

थंडीत कष्ट सोसून नीट वुजू करणाऱ्याचे गुनाह झडतात, ही खुशखबर आपल्याला दिली गेली आहे. म्हणून काही वडीलधारी माणसे गरम पाणी घ्यायला संकोचतात. अम्मीही संकोचत होत्या. हजरत उमर (रजि.) यांनी गरम पाण्याने वुजू केल्याचा उल्लेख सहीह बुखारीत आहे, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा संकोच गेला. थंडी आपोआप वाट्याला आली तर सब्र करावा. सोय असताना मुद्दाम आजार ओढवून घेणे दीन मागत नाही.

गेला हिवाळा नव्या घरातला पहिला. अम्मींना त्या तीन महिन्यांत एकदाही दवाखान्यात न्यावे लागले नाही, अलहम्दुलिल्लाह. पहाटे त्या शाल गुंडाळून मागच्या दारात, बंबापासून दूर खुर्ची टाकून बसत आणि नातवाला सूचना देत. "फाक उभी घाल. जाळी आधी झटक." अल्लाहतआला आपल्या सर्वांच्या घरांत ऊब ठेवो आणि घरातल्या प्रत्येकाचा श्वास मोकळा ठेवो. आमीन.